जाड ठशातला आकडा

हर्पीस म्हणजे ओठांवर किंवा जननेंद्रियांवर फोड आणणारा, स्पर्शातून आणि शरीरसंबंधातून पसरणारा विषाणू. त्याच्या तपासणीचा रिपोर्ट उघडला की डोळे एकाच जागी जातात. डावीकडे चाचणीचं नाव, मधे आकडा, उजवीकडे ‘नॉर्मल’ काय त्याचा रकाना, आणि त्या रकान्यात न बसणारा आकडा जाड ठशात. तळाशी बारीक अक्षरांत चार ओळी असतात, ‘लक्षणांशी ताडून पाहावे’ अशा अर्थाच्या. त्या कुणी वाचत नाही. माझ्या भाच्याच्या मोबाइलवर हा रिपोर्ट रात्री उशिरा आला. सकाळ व्हायच्या आत त्याने स्वतःचं ठरलेलं लग्न मनातल्या मनात मोडून टाकलं होतं.

हे सगळं त्याला विचारून लिहिते आहे. छापायच्या आधी त्याने वाचलंय, दोन ठिकाणी मला थांबवलंय, आणि एका ठिकाणी ‘हे स्पष्टच लिही’ म्हणून सांगितलंय.

मुलगा आमच्या इंदूरचाच. सुदामा नगरात वाढला, मधली काही वर्षं शिकायला पुण्यात होता, आता विजय नगरच्या बाजूला एका कंपनीत आहे. लग्न ठरलं तसं माझ्याकडे रामबागेत त्याचं केळवण केलं. श्रीखंड-पुरीचा बेत, दहा-बारा माणसं. हा आला तो स्वतःची पाण्याची बाटली घेऊन. ताटातलं वाढलेलं कसंबसं संपवलं, पण वाटी उचलून कुणी त्याच्याकडून चाखायला घेऊ नये याकडे सारखं लक्ष. जेवणं झाल्यावर माझी नात सवयीने त्याच्या मांडीवर चढली आणि पापा घ्यायला पुढे झाली, तेव्हा त्याने आपला तळहात मधे धरला. पोरीला वाटलं खेळ आहे, तिने तळहाताचाच पापा घेतला. तो उठून बेसिनवर गेला आणि साबण लावून हात धूत राहिला. मी ताकाचं पातेलं हातात घेऊन बघत होते.

माय मरो पण मावशी जगो म्हणतात, ते अशाच वेळांसाठी असावं. आईला सांगता येत नाही ते मावशीला सांगता येतं. सगळी पांगल्यावर तो स्वयंपाकघरात आला, ओट्याला टेकून उभा राहिला आणि मोबाइल माझ्या हातात दिला. ‘मावशी, तूच वाच. मला बोलता येणार नाही.’

रिपोर्टात तीन ओळी होत्या. विषाणूचे दोन प्रकार, १ बहुधा ओठावरचा आणि २ बहुधा खालचा; आणि आयजीएम, आयजीजी ही त्याच्याविरुद्ध रक्तात तयार होणाऱ्या प्रतिपिंडांची (अँटिबॉडीजची) नावं. हर्पीस सिम्प्लेक्स १ आणि २ एकत्रित आयजीएम, पॉझिटिव्ह. हर्पीस १ आयजीजी, पॉझिटिव्ह, आकडा भला मोठा. हर्पीस २ आयजीजी, १.६, पॉझिटिव्ह.

आणि ही तपासणी का केली, तर वरच्या ओठावर डाव्या बाजूला आणि खाली, जिथलं कुणी बोलत नाही त्या जागी, एकाच वेळी फोड उठला होता. तोही पहिल्यांदा नाही. गेल्या पावसाळ्यात एकदा, मग थंडीत, आणि आता परत. दर वेळी अगदी त्याच जागी. आधी आग, मग लाल-जांभळा चट्टा, मधे फोड, तो फुटून जखम, मग बरा. पुण्यात असताना त्याची एक मैत्रीण होती, ते पुढे तुटलं. ते त्याचं आयुष्य, त्यात मला काही म्हणायचं नाही. पण कॉलनीतल्या डॉक्टरांनी फोड कुठे आहे एवढं ऐकल्यावर लांबूनच एक नजर टाकली, ‘बाहेर कुणाशी संबंध आला होता का’ असा एकच प्रश्न विचारला, आणि हा ‘हो’ म्हणाल्यावर पुढचं काही न विचारता तपासणी लिहून दिली. सोबत असायक्लोव्हिर या हर्पीसवरच्या औषधाचा कोर्स. आठ-दहा दिवसांत फोड बरा झाला. म्हणजे औषध लागू पडलं, म्हणजे हर्पीसच. वर रिपोर्टही तसाच. त्याच्या डोक्यात खटला उभा राहिला होता आणि साक्षी-पुरावे सगळे एका बाजूचे होते.

मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. वैद्यकीतलं मला कळतं असा माझा दावा नाही. पण आकडा समोर आला की तो कुठून आला हे विचारायची सवय जात नाही. शिवाय हर्पीसच्या रिपोर्टने काय होतं ते आमच्या घरात मी आधी एकदा पाहिलेलं होतं.

ही गोष्ट १९९७-९८ ची. माझ्या वहिनीचे लागोपाठ दोन गर्भपात झाले. तेव्हा तिला ‘टॉर्च’ तपासणी सांगितली होती. गर्भाला बाधू शकणाऱ्या संसर्गांची ही मोट १९७१ मध्ये अमेरिकेतल्या अटलांटाच्या आंद्रे नाहमियास या बालरोगतज्ज्ञाने बांधली. टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगॅलो, हर्पीस. नवजात बाळांमध्ये काही बिघाड दिसला तर कुठे शोधायचं, यासाठी ते नाव होतं. आपल्याकडे मात्र गर्भ पडला की टॉर्च, अशी रीतच पडली. वारंवार गर्भपात होणाऱ्या बाईला या तपासणीचा उपयोग नाही, हे ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने स्पष्ट लिहून ठेवलंय. पण तेव्हा आम्हाला कोण सांगणार? टाइप केलेला कागद आला, त्यावर शिक्का, आणि ‘हर्पीस आयजीएम पॉझिटिव्ह’.

माझ्या आजीला वाटलं हर्पीस म्हणजे नागीण. ती म्हणाली, नागीण अंगावर उठते, कंबरेला वेढा घालते, ही पोटात कशी शिरली? तिने गेरू उगाळून ठेवला. नागीण म्हणजे हर्पीस झोस्टर, ती कांजिण्यांच्या विषाणूने होते. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो मज्जातंतूंत दडून राहतो आणि म्हातारपणी वर येतो. कुळ एकच, पण हा विषाणू वेगळा. आजीचा गैरसमज निदान निष्पाप होता. दादाला कुणीतरी दुसरा अर्थ सांगितला. ‘हा आजार बाहेरून येतो’ म्हणून सांगितलं. कुणाच्या बाहेरून, हे कुणी बोललं नाही. दोघं एका खोलीत राहत होती आणि पुष्कळ दिवस एकमेकांशी मीठ-मिरचीपलीकडे बोलत नव्हती. वहिनीला वाटायचं दादाने आणलं, दादाला काय वाटायचं ते त्याने अजूनही सांगितलेलं नाही. पुढे त्यांना मुलगी झाली, धडधाकट, आणि तो कागद कपाटात खाली गेला. पण त्या दिवसांबद्दल वहिनी आजही बोलताना आवाज खाली आणते. आणि मला राग येतो तो याचा, की तो आयजीएमचा आकडा तेव्हाही काही सांगत नव्हता आणि आजही सांगत नाही.

लागण झाली की शरीर आधी आयजीएम नावाची प्रतिपिंडं बनवतं आणि मग टिकाऊ आयजीजी. गोवर किंवा ‘अ’ प्रकारची कावीळ असेल तर आयजीएम पॉझिटिव्ह म्हणजे लागण ताजी, हा हिशेब बऱ्यापैकी जमतो. हर्पीसमध्ये तो जमत नाही. हर्पीसचा विषाणू एकदा शिरला की मज्जातंतूंच्या गाठींत कायमचा मुक्काम करतो, आणि अधूनमधून उठतो. तो उठला की आयजीएम पुन्हा दिसू शकतं, म्हणजे ताजं-जुनं कळत नाही. हर्पीस नसतानाही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. प्रकार १ की प्रकार २ हेही तिला भरवशाने सांगता येत नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत हर्पीससाठी आयजीएम चाचणीची शिफारस नाही, असं सरळ लिहिलेलं आहे. आणि आपल्याकडे ती पॅकेजात बसवलेली, सवलतीच्या दरात. ज्या चाचणीच्या उत्तराचा अर्थ लावता येत नाही ती माणसाच्या हातात देणं मला निर्दयपणाचं वाटतं.

आयजीजीची गोष्ट जरा बरी. चांगली आयजीजी चाचणी विषाणूच्या ग्लायकोप्रोटीन जी या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं शोधते. हे प्रथिन दोन्ही प्रकारांत वेगळं असल्यामुळे १ आणि २ निराळे काढता येतात. उत्तर ‘इंडेक्स’ नावाच्या एका आकड्यात येतं. नेहमीच्या किटमध्ये ०.९ च्या खाली निगेटिव्ह, १.१ च्या वर पॉझिटिव्ह, मधलं संदिग्ध. गोम १.१ च्या जरा वरच्या पट्ट्यात आहे. प्रकार २ चा इंडेक्स ३ च्या खाली असेल तर ते पॉझिटिव्ह खोटं निघण्याची शक्यता इतकी असते की दुसऱ्या पद्धतीच्या चाचणीने खात्री केल्याशिवाय निदान करू नये, असं सीडीसीच्या त्याच सूचना सांगतात. खात्रीची वेस्टर्न ब्लॉट चाचणी सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात होते. रामबागेतून सिएटलला रक्त पाठवायचं कसं? माझ्या भाच्याचा आकडा १.६ होता.

मी त्याला बसवलं आणि केळवणाच्या यादीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडला. म्हटलं, समज तुझ्यासारखी हजार मुलं घेतली आणि त्यातल्या वीस जणांना खरोखर प्रकार २ आहे. चाचणी चांगली आहे असं धर, विसातल्या एकोणीस जणांना ती पकडते. उरले नऊशे ऐंशी, ज्यांना काही नाही. त्यातल्या शंभरातल्या पाचांना ती चुकून पॉझिटिव्ह म्हणते. नऊशे ऐंशीचे पाच टक्के किती? तो म्हणाला, ‘एकोणपन्नास.’ मग एकूण पॉझिटिव्ह किती? अडुसष्ट. त्यात खरे किती? एकोणीस. तो कागदाकडे बघत राहिला. अडुसष्ट मुलांच्या हातात एकसारखाच जाड ठशातला आकडा, आणि त्यातल्या एकोणपन्नास जणांना तो आजारच नाही. हे वीस आणि पाच मी समजावण्यापुरते धरलेले आकडे होते. पण आजार विरळ असेल तर चांगल्या चाचणीचीही गत अशीच होते, हे गणित कुठल्याही देशात बदलत नाही. अमेरिकेतल्या प्रतिबंधक सेवांच्या तज्ज्ञ गटाने २०१६ मध्ये, आणि पुन्हा २०२३ मध्ये, लक्षणं नसलेल्या माणसांची हर्पीससाठी रक्ततपासणी करत सुटू नका असं सांगितलं, त्यामागे हेही एक मोठं कारण आहे.

‘पण मावशी, लक्षणं तर आहेत ना मला,’ तो म्हणाला. बरोबर होतं त्याचं. तो काही लक्षणांवाचून गेला नव्हता.

आणि ती दुसरी ओळ, प्रकार १ ची? ती खरी होती. त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात पन्नाशीच्या आतले सुमारे ३८० कोटी लोक, म्हणजे शंभरातले ६४, हा विषाणू बाळगून आहेत. बहुतेकांना तो लहानपणीच मिळतो. ज्या घरात आत्या, काका, आजी सगळी पोराचा पापा घेतात, त्या घरात तो बहुधा मिळतो. कित्येकांना आयुष्यात एकही फोड येत नाही. काहींना तापानंतर ओठावर पुरळ फुटतं, आपण ‘ताप बाहेर पडला’ म्हणतो आणि विसरून जातो. प्रकार १ जननेंद्रियांवरही होऊ शकतो, हे खरं. पण रक्तातली प्रतिपिंडं विषाणू कुठे आहे ते सांगत नाहीत, आणि कधी, कुणाकडून आला तेही सांगत नाहीत.

रिपोर्टानंतर त्याची लक्षणं वाढली होती, हे त्याने मला सगळ्यात शेवटी सांगितलं. मांडीत मुंग्या. तळपायाची आग. जिभेला चरचर. पाठीवर खाज. रात्री तो मोबाइलच्या उजेडात स्वतःची कातडी बघत बसायचा, फोटो काढायचा, आधीच्या फोटोशी ताडून पाहायचा. हर्पीसचा फोड येण्याआधी मुंग्या येतात असं त्याने वाचलं होतं, आणि मग मुंग्या येऊ लागल्या. ही थापही नव्हती आणि वेडही नव्हतं. सतत लक्ष ठेवलं की शरीर बोलायला लागतं. सगळ्यांचंच. झोप उडालेली, जेवण अर्धवट, दिवसातून दहा वेळा साबण लावून लावून कातडी कोरडी पडलेली, खाज येणारच. पण त्याला प्रत्येक खाज त्या १.६ ची पावती वाटत होती. मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते हे ऐकून.

मी त्याला एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे नेलं. वयाने माझ्याएवढ्या, बोलणं मोजकं. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि आधी त्याला खिडकीपाशी उजेडात उभं केलं. ओठाला हात लावून पाहिलं. हात लावून, हे मुद्दाम लिहिते. तोवर त्याला कुणी हात लावलेला नव्हता. मग मी बाहेर बसले, त्यांनी बाकीची तपासणी केली आणि मला परत आत बोलावलं.

त्यांनी विचारलं, ‘फोड एकच मोठा येतो की बारीक बारीक पुंजका?’ एकच. ‘बरा झाल्यावर डाग राहतो?’ राहतो, काळपट. ओठावर तो मलाही दिसत होता, रुपयाच्या नाण्याहून जरा लहान, करड्या-तपकिरी रंगाचा, कडा गोल. मला वाटायचं सिगारेट ओढतो की काय. ‘गोळ्या कुठल्या घेता?’ तो म्हणाला, कुठल्याच नाही. ‘नीट आठवा. डोकेदुखीची, तापाची, दातदुखीची, पोटाची.’ नाही हो डॉक्टर, मला काही आजारच नाही.

‘पोट बिघडतं का कधी?’

इंदूरच्या माणसाला हा प्रश्न! तो हसला, कितीतरी दिवसांनी. म्हणाला, सराफ्यात मित्रांबरोबर जाणं होतं, भुट्ट्याचा कीस, गराडू, जे दिसेल ते, आणि कधी कधी दुसऱ्या दिवशी भोगावं लागतं. मग? ‘मग मेडिकलवरून गोळी आणतो. पिवळसर असते. दोन-तीन घेतल्या की थांबतं.’ आणि मग तो एकदम गप्प झाला.

आपल्याकडे ‘गोळ्या घेता का’ म्हटलं की माणसाला बीपीची, शुगरची गोळी आठवते. पोट बिघडल्यावरची गोळी हे औषध आहे असं कुणाच्या मनातच येत नाही. दुकानदाराला ‘लूज मोशन’ म्हणायचं, तो पट्टीतून चार कापून देतो, बिल नाही, चिठ्ठी नाही. त्या गोळीत बहुधा ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल अशी दोन औषधं एकत्र असतात. जुलाबांना बहुतेक वेळा यांतलं एकही लागत नाही, ओआरएस पुरतं.

त्या दिवशी घरी आल्यावर आम्ही दोघांनी डायनिंग टेबलवर त्याचा मोबाइल आणि माझा चष्मा घेऊन जे केलं ते मला या सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. फोडांचे फोटो त्याच्याकडे होतेच, घाबरून काढलेले, प्रत्येकावर तारीख. आणि मेडिकलवाल्याला त्याने पैसे मोबाइलवरून दिलेले, त्याचीही तारीख-वेळ होती. तो दुकानाचं नाव शोधून तारखा वाचत गेला, मी लिहीत गेले. गेल्या पावसाळ्यातली खरेदी, आणि काही दिवसांनी पहिला फोटो. थंडीतली खरेदी संध्याकाळची, फोटो दुसऱ्या दिवशी सकाळचा. या खेपेची खरेदी दुपारची, आणि फोटो त्याच रात्रीचा. तिन्ही वेळा गोळी आधी, फोड नंतर, आणि मधलं अंतर दर खेपेला कमी. मी शाळेत असे तक्ते पुष्कळ काढून घेतलेत, पण कुठल्या तक्त्याने माझ्या अंगावर असा काटा आणला नव्हता.

या आजाराला फिक्स्ड ड्रग इरप्शन म्हणतात. १८९४ मध्ये ब्रॉक या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञाने त्याला हे नाव दिलं, तेव्हा अँटिपायरिन नावाच्या ताप उतरवणाऱ्या औषधाने तो होत होता. ठरावीक औषध पोटात गेलं की ठरावीक जागी चट्टा उठतो, ओठ आणि जननेंद्रियं या त्याच्या लाडक्या जागा. पहिल्या वेळी औषधानंतर काही दिवस, कधी एक-दोन आठवडेही जातात. पुढे काही तासांत. कारण पहिल्या चट्ट्याच्या जागी रोगप्रतिकारशक्तीच्या टी पेशी बरं झाल्यावरही ठाण मांडून बसलेल्या असतात, गल्लीतल्या चौकीदारासारख्या, आणि तेच औषध परत आलं की त्या तिथल्या तिथे हल्ला करतात. औषध थांबलं की चट्टा आपला आपण बरा होतो, मागे काळा डाग ठेवून. हर्पीसचा फोडही आपला आपण बरा होतो. म्हणून असायक्लोव्हिरने बरं वाटलं हा पुरावा कामाचा नव्हता. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली होती.

डॉक्टरबाईंनी तरी लगेच शिक्का मारला नाही, हे मला आवडलं. त्या म्हणाल्या, दोन्ही एकाच माणसाला असू शकतं. फोड ताजा असता, दोन दिवसांच्या आतला, तर त्याच्यावरून काडी फिरवून पीसीआर केलं असतं. हर्पीसच्या निदानाला ती सगळ्यात चांगली चाचणी, कारण ती विषाणूचाच शोध घेते. आता जखम भरली होती, त्यात काही सापडलं नसतं. ‘परत काही उठलं तर त्याच दिवशी या. रविवार असला तरी फोन करा.’ प्रकार २ ची आयजीजी तीन-चार महिन्यांनी दुसऱ्या लॅबमध्ये, दुसऱ्या पद्धतीच्या किटवर करायची ठरली. प्रतिपिंडं तयार व्हायला कधी कधी १२ ते १६ आठवडे लागतात, तेवढा वेळ गेल्यावर लागण खरी असेल तर आकडा चढलेला दिसतो. संशयित औषध अगदी थोडं देऊन पाहण्याचीही एक पद्धत आहे, पण ती दवाखान्यात, डॉक्टरांच्या नजरेखाली. घरी गोळी खाऊन खात्री करायला जाऊ नका, हे त्यांनी दोनदा सांगितलं. क्वचित तो चट्टा एका जागेवर न राहता अंगभर फोड उठतात.

‘हे स्पष्टच लिही’ असं भाच्याने म्हटलं ते इथे. हे वाचून कुणी आपल्या फोडाला गोळीची रिअॅक्शन समजून घरी बसू नये. हर्पीस खराच असतो. १५ ते ४९ वयातल्या सुमारे ५२ कोटी लोकांना प्रकार २ आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यातल्या बहुतेकांना ते माहीत नसतं. आणि खरा असला तरी त्यात लग्न मोडण्यासारखं काय आहे? औषधं आहेत. असायक्लोव्हिरमागच्या संशोधनातल्या गर्ट्रूड एलियन या बाईंना १९८८ चं नोबेल विभागून मिळालं, उगीच नाही. रोज घेण्याच्या औषधाने जोडीदाराला लागण होण्याची शक्यता कमी करता येते. गरोदरपणाच्या शेवटच्या दिवसांत आईला नव्याने लागण झाली तर बाळाला खरा धोका असतो, म्हणून तेव्हा डॉक्टरांपासून काही लपवायचं नाही. ज्यांना खाजगी डॉक्टरकडे जायला पैसे नाहीत किंवा ओळखीच्या डॉक्टरकडे जायची लाज वाटते, त्यांच्यासाठी सरकारी दवाखान्यांत ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं, तिथे समुपदेशकही असतात आणि औषध फुकट मिळतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की प्रश्न विचारायचे थांबू नका. भाच्याच्या बाबतीत फोडाची जागा कळली आणि सगळ्यांचे प्रश्न संपले. त्याचे स्वतःचेसुद्धा. तोच फोड हातावर उठला असता तर त्याच कॉलनीतल्या डॉक्टरांनी काय खाल्लं, काय लावलं, कुठली गोळी घेतली, कीडा चावला का, सगळं विचारलं असतं. जी चौकशी माणसाने करायची, ती लाजेपायी रक्ताच्या नळीवर सोपवली गेली. तीस वर्षांपूर्वी वहिनीच्या बाबतीतही हेच झालं, तेव्हा कागद होता, आता पीडीएफ.

त्यानंतरच्या काळात त्याचं पोट एकदा बिघडलं, लग्नाच्या खरेदीच्या धावपळीत. ओआरएस, ताक-भात, झोप. ओठ स्वच्छ. ठरल्याप्रमाणे रक्त दिलं. प्रकार २ चा आकडा ०.३, निगेटिव्ह. प्रकार १ पूर्वीइतकाच पॉझिटिव्ह, तो राहणारच. आयजीएम डॉक्टरांनी लिहिलीच नव्हती. लॅबच्या खिडकीवरचा मुलगा म्हणाला, ‘पॅकेजात घ्या ना, स्वस्त पडेल.’ भाचा म्हणाला, ‘नको, जेवढं लिहिलंय तेवढंच कर.’

मधल्या दिवसांत त्याने होणाऱ्या बायकोला सगळं सांगितलं होतं. दुसरा रिपोर्ट यायच्या आधी, हे महत्त्वाचं. मी त्याला तसं सुचवलं नव्हतं, तो स्वतःच गेला. राजवाड्यापासून कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपर्यंत चालत चालत सांगितलं म्हणे, पुण्यातलं, फोडाचं, १.६ चं आणि केळवणाच्या यादीमागच्या हिशेबाचं. तिने तो कागद बघायला मागितला. अडुसष्टात एकोणीस कसे आले ते त्याला परत मांडायला लावलं.

आता त्याच्या पाकिटात एक कार्ड आहे. डॉक्टरबाईंनी लिहून दिलंय: ऑर्निडाझोल, आणि त्याचे भाऊबंद मेट्रोनिडाझोल, टिनिडाझोल, सेक्निडाझोल; तसंच ऑफ्लॉक्सासिन, आणि त्याच्या जातीची सिप्रोफ्लॉक्सासिन वगैरे. दोघांतलं नेमकं कुठलं ते अजून ठरलेलं नाही, म्हणून सध्या दोन्ही बंद. कुठल्याही दवाखान्यात, दातांच्या डॉक्टरकडेसुद्धा, हे कार्ड आधी दाखवायचं. होणाऱ्या सूनबाईंनी त्याचा फोटो स्वतःच्या मोबाइलमध्येही ठेवलाय. आणि परवा तिचा मला फोन आला. ‘मावशी, त्या डॉक्टरबाईंचा नंबर द्याल का? आमच्या बाबांच्या मनगटावर कित्येक वर्षांपासून असाच गोल काळा डाग आहे. मधेच लाल होतो, खाजतो, परत काळा पडतो. ते गुडघेदुखीला मेडिकलवरून काहीतरी आणतात, पण काय आणतात ते घरात कुणालाच माहीत नाही.’ मी नंबर दिला, आणि म्हटलं, जाताना गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या सोबत न्या.